बुटकीचे दात

सुमेधने लॅपटॉप उघडला आणि पुन्हा मिटला.

"काय रे, नेमकं कुठे घोडं पेंड खातंय?" वसुंधरा मॅडमनी विचारलं आणि सुकेळ्यांची बशी त्याच्यापुढे सरकवली. आगाशीची ती वाळवलेली केळी म्हणजे सुमेधचा जीव की प्राण. आज त्याने बशीकडे पाहिलंसुद्धा नाही.

घोडं खरंच अडलं होतं, आणि तेही लाखो वर्षांपूर्वीचं. तरुणपणी मॅडमना शिवालिकच्या टेकड्यांत तीन बोटांच्या प्राचीन घोड्यांचे दात सापडले होते. काही मोठे, भक्कम, आधीच माहीत असलेल्या एका जातीचे. आणि मूठभर वेगळेच: उंचीला बुटके, पातळ कवचाचे. सोबत तसेच दात असलेला जबड्याचा एक तुकडा. त्यावरून मॅडमनी नवी जात ठरवली आणि तिला लांबलचक लॅटिन नाव दिलं. वर्गात मात्र ती बुटकीच. तिच्या सुट्या दातांपैकी एकालाही मूळ नव्हतं. मॅडम सांगत, नदीने मुळं झिजवली. एका पुरात बुटकीचा अख्खा कळप वाहून गेला आणि जातच संपली. हे सांगताना त्यांचा आवाज दर वेळी जड व्हायचा. त्या पुराची गोष्ट ऐकूनच सुमेधने इंजिनिअरिंग सोडलं होतं आणि त्याच्या आईने मॅडमच्या नावाने बोटं मोडली होती.

आता परदेशातल्या काही अभ्यासकांनी शंका काढली होती की बुटकी ही वेगळी जात नाहीच. जबडा कापून पाहिला असता तर एका दिवसात सोक्षमोक्ष लागला असता. पण असा जबडा जगात एकच, आणि मॅडमनी त्याला कधी करवत लावू दिली नाही. शेवटी त्यांनीच रीतसर परवानगी काढून तो सुमेधच्या हाती दिला. "क्ष-किरणांनी न कापता आतलं दिसेल. जा, एकदाची त्यांची तोंडं बंद कर," त्या म्हणाल्या होत्या.

सातिवलीला सुमेधच्या शाळेतल्या मित्राचं, कॅल्विनचं, छोटं युनिट होतं. ओतीव भागांत पोकळी राहिली आहे का, ते तिथे क्ष-किरणांनी तपासत. पंप आणि व्हॉल्व्हच्या रांगेत बुटकीचाही नंबर लागला. पडद्यावर चित्र उमटलं तसा कॅल्विन म्हणाला, "पोकळीबिकळी काय नाय रे. उलटा आत डबल माल भरलाय." सुमेधने ते चित्र लॅपटॉपवर उतरवून घेतलं.

तेच घेऊन तो आज मॅडमच्या समोर बसला होता.

"मॅडम," तो खाली मान घालून म्हणाला, "चित्र नीट आलं नाही, असं कळवता येईल. कोणी विचारणार नाही."

मॅडमनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "खबरदार! दाखव आधी."

त्याने दाखवलं. जबड्यातल्या प्रत्येक बुटक्या दाताखाली, हाडाच्या आत, एक मोठा दात वर यायला टपून बसला होता. ते दात त्या मोठ्या जातीचे होते, अगदी तंतोतंत. बुटकीचे दात दुधाचे निघाले. ती वेगळी जात नव्हती, त्या मोठ्या घोड्याचं शिंगरू होती.

मॅडम पडद्यावर आणखी वाकल्या. खाली सोसायटीच्या फाटकाशी पाण्याचा टँकर हॉर्नवर हॉर्न देत होता, तोही त्यांच्या कानी गेला नाही. सुमेधला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या एका नावामुळे जग या बाईंना ओळखत होतं, ते त्याने पुसलं होतं. त्याला स्वतःचा राग आला, कॅल्विनच्या मशीनचाही आला.

मॅडम उठल्या आणि आतून बिस्किटांचा जुना डबा घेऊन आल्या. त्यात बुटकीच्या सुट्या दातांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती होत्या. त्यांनी एकेक दात उलटा करून लॅपटॉपशेजारी मांडला. मग पडद्यावर बोट ठेवलं.

"हे बघ. खालचा दात वर सरकतोय आणि वरच्या दाताचं मूळ विरघळत चाललंय. आणि मी इतकी वर्षं नदीला दोष देत बसले!" त्यांनी लॅपटॉप सुमेधकडे सरकवला. "उद्याच लिहायला बस. बुटकी रद्द. चूक कोणाची, तेही नावानिशी लिही. गुळमुळीत लिहिलंस तर याद राख."

स्वतःची चूक ठळक छापा म्हणून दम देणारं माणूस सुमेधने आजवर पाहिलं नव्हतं. उठून त्यांचे पाय धरावेत असं त्याला वाटलं. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"मॅडम, पण तुमचं आयुष्यभराचं काम..."

"ते राहू दे." त्यांचे डोळे भरून आले होते आणि चेहरा मात्र बारशाला निघालेल्या आजीसारखा फुलला होता. "हा जबडा ज्याचा, ते पोर गेलं बिचारं. पण हे सुटे दात कोणाचे? अरे वेड्या, मुळं विरघळून पडलेले दुधाचे दात आहेत हे. पूर आलाच नव्हता, सुमेध! दात पाडून पोरं मोठी झाली!"