डावीकडच्या पाच ओळी

रोहिदासने डावीकडच्या चौथ्या ओळीतल्या मिरचीला टेप लावली. "परत चोवीस इंच. उजवीकडंबी चोवीसच."

दोन महिने पूनमने शेवग्याचा पाला वाटून, गाळून, तीसपट पाण्यात मिसळून उजवीकडच्या पाच ओळींवर फवारला होता. डावीकडच्या पाच ओळींना मुद्दाम नुसतं पाणी. ही वाटणी तिच्या नवऱ्याचीच. रोहिदास चाकणच्या कंपनीत क्वालिटीला होता; मापात बसल्याशिवाय त्याला बायकोचाही शब्द पटत नसे. फरक दिसला तर रान राहील, नाही तर ट्रान्सपोर्टवाल्या उद्धवरावांच्या ट्रेलरना पार्किंगला जाईल, असं ठरलं होतं.

उद्धवराव रस्त्याकडेला जीपला टेकून वाटच बघत होते. मिरची कशी फुलांनी लगडली होती, पण दोन्हीकडे सारखीच. चांगलं पीक बघून रडू यावं, अशी वेळ पूनमवर पहिल्यांदाच आली होती.

"तुझ्या पाल्याचा गुण असता, तर डावीकडं कसं आलं?" रोहिदासने टेप मिटली आणि उद्धवरावांना यायची खूण केली.

"थांब जरा." बांधावर बसलेली त्याची आई, गोजाबाई, उठली. सुनेच्या या औषधाला तिने दोन महिने 'शेरडाचं जेवण' म्हणून हिणवलं होतं. "डावीकडं मी शिंपडलंय. पूनमचं ड्रमात उरलेलं, लिंबाच्या डहाळीनं. दर बारीला."

पूनम बघतच राहिली. "आत्या, कशापायी?"

"पिवळी पडाय लागली व्हती गं. एकाच रानातली लेकरं. निम्म्यांना घालायचं आन् निम्म्यांना न्हाई? मला न्हाई बघवलं."

"सुनंला वाचवाय बोलतीस तू," रोहिदास म्हणाला. "पुरावा काय?"

गोजाबाईची मान खाली गेली. चोरी सापडल्यासारखी ती पुटपुटली, "रस्त्याकडची शेवटची ओळ राह्यली. तिथवर कधी पुरलंच न्हाई."

चार ओळी सारख्या निघाल्यावर मोजणी त्या ओळीपर्यंत गेलीच नव्हती. रोहिदास तिथे जाऊन उभा राहिला. पिवळट रोपं त्याच्या अर्ध्या पोटरीलाही पोचत नव्हती. त्याने टेप उघडली नाही.

"काय राव, ठरलं ना?" उद्धवरावांनी जीपजवळून विचारलं. रोहिदासने टेप खिशात टाकली आणि त्यांना हातानंच जायची खूण केली.

मागे गोजाबाईने सुनेचा हात धरला. "उरलंय का गं थोडं? आज तरी तिला घाल."