मिटमिटी

संचालकबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पाटीवर बोट ठेवलं.

"हा शब्द कुठला?"

"आमच्याकडचा," पाट्या लिहिणारी म्हणाली.

"आमच्याकडचा म्हणजे कुणाकडचा?"

"आजीकडे होती अशी एक."

आजी तिनं जन्मात पाहिली नव्हती. पण बोलून तर बसली होती.

वस्तू शेवटच्या दालनात होती. काळ्या पडद्यांमुळे तिथं भर दुपारीही संध्याकाळ असायची. हातभर उंचीचा पत्र्याचा डबा, अंगभर खिळ्यानं पाडलेली भोकं, वर टांगायला तार. कुणीतरी तो जुन्या चादरीत गुंडाळून संग्रहालयाच्या पायरीवर ठेवून गेलं होतं. ना नाव, ना पत्ता. दालनं नव्यानं मांडायला घेतली तेव्हा तो कपाटातून तिच्या टेबलावर आला. कसला आहे ते बघावं म्हणून तिनं आत बल्ब सोडला, डब्याला हलकेच झोका दिला, आणि छत प्रकाशाच्या ठिपक्यांनी भरून गेलं. ठिपके एकामागून एक भिंतीवरून उतरले, तिच्या हातांवरून गेले, पुन्हा वर चढले. किती वेळ ती मान वर करून उभी होती, तिला कळलं नाही. चमचा दिसला की चमचा म्हणावं, तितक्या सहज तिच्या तोंडून शब्द आला. मिटमिटी.

तिनं पाटी लिहिली : 'मिटमिटी. मुलांना झोपवताना आत दिवा ठेवून ही टांगत. फिरणारे ठिपके बघता बघता मुलांचे डोळे मिटत, म्हणून हे नाव.'

संचालकबाईंना ते पटलं. "डोळे मिटतात म्हणून मिटमिटी. छान आहे," असं म्हणून त्यांनी पाटी लावू दिली. मात्र सोबत बजावलंही. मागच्या वर्षी वरण वाढायच्या एका साध्या डावाला कुणीतरी राजवाड्यातला डाव ठरवलं होतं आणि गावभर हसं झालं होतं. आता एक जरी पाटी बिनबुडाची निघाली, तरी लिहिणाऱ्याला नारळ. हिची नोकरी अजून तात्पुरतीच होती.

धाकधूक नंतर सुरू झाली. कोशात शब्द नव्हता. शेजारणींना विचारलं, शाळेतल्या मैत्रिणींना विचारलं. कुणी ऐकलेला नव्हता. आईला विचारावं, तर आई आता नव्हती. असती तरी तिनं काय सांगितलं असतं म्हणा. वडिलांबद्दल विचारलं की "ते गेले" एवढंच म्हणायची आणि कामाला लागायची. त्या घरात जुन्या गोष्टींना थारा नव्हता.

म्हणजे शब्द आपणच रचला. पाटी लिहिणारीला दुसरा अर्थ लावता येईना. रिकाम्या दालनात बसून स्वप्नात बोलावं तसं काहीतरी मनात आलं, आणि आपण ते काचेत लावलं.

त्यातच तो म्हातारा येऊ लागला.

पहारेकऱ्यानंच बातमी आणली. "ताई, तुमचे एक वाचक आलेत. वस्तूकडं ढुंकून बघत नाहीत. नुसती पाटी वाचतात. परीक्षेला बसायचं असेल."

ती पडद्याआडून बघायची. म्हातारा काचेशी उभा असायचा, ओठ हलत असायचे. ठिपके त्याच्या पांढऱ्या डोक्यावरून सावकाश सरकत. वाचून झालं की खाली बघत निघून जायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. चूक सापडलेल्या माणसासारखा तो पाटी वाचतो, असं तिला वाटायचं.

आज तो सरळ संचालकबाईंच्या खोलीत गेला आणि तिला बोलावणं आलं.

तो खुर्चीच्या काठावर बसला होता. ती आत आली तेव्हा त्यानं मान वर केली नाही. संचालकबाईंचा आवाज थंड होता. त्यांनी सांगितलं, की पत्र्याचा तो डबा ह्या गृहस्थांनी घरी केलाय. बिस्किटांच्या डब्यातून. पायरीवर ठेवून गेले तेही हेच. आणि हा एकच नाही, असे कितीतरी डबे करून ते गावोगावच्या संग्रहालयांत ठेवून आलेत.

"मग जाऊन पाट्या वाचतो," म्हातारा हळूच म्हणाला. "एकांनी धूपदाणी लिहिलं. एकांनी चाळण. एका ठिकाणी तर उंदराचा सापळा."

कुणी हसलं नाही.

"थट्टा करता होय आमची?" संचालकबाईंनी विचारलं. उत्तराची वाट न बघता त्या हिच्याकडे वळल्या. "आणि तुमच्या आजीकडे होती ही. ह्यांनी घरी केलेली."

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिनं सांगून टाकलं, की आजी वगैरे खोटं. शब्द कुठून आला ते ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही. तिनं तो रचला असणार. पाटी आजच काढते, आणि सामानही आवरते.

"पाटी काढू नका," म्हातारा म्हणाला.

त्यानं पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. कपाळ, भुवया, हनुवटी. काचेसमोर उभा राहून अक्षरं वाचायचा तसं.

"डोळे मिटण्याचं मात्र चुकलंय," तो म्हणाला. "दिवा टिमटिमतो ना, म्हणून मी नाव ठेवलं होतं टिमटिमी. माझ्या लेकीला ते उलटंच म्हणता यायचं. नीट बोलायला लागायच्या आधी तिची आई तिला घेऊन गेली."