दुसरा पाव

चर्चमध्ये पावाची टोपली बायकोच्या मांडीवर होती, आणि ती काही केल्या हातची सोडायला तयार नव्हती.

"अगं, दे इकडे. मी नेऊन ठेवतो मेजावर," कंपाउंडर तिसऱ्यांदा कुजबुजला.

"तुम्ही बसा गप. गुडघे धरून चालता, पाडून ठेवाल."

कंपाउंडरने हात मागे घेतला. उपदेश ख्रिस्ताच्या मागे चालण्यावर होता, पण त्याचं सगळं लक्ष टोपलीकडे होतं. त्याच्या पायाशी कापडी पिशवी होती आणि पिशवीत दुसरा पाव होता, शेजारणीच्या भट्टीत त्याने स्वतः चोरून भाजलेला.

वर्षभर हेच चाललं होतं. या चर्चच्या मंडळीत प्रभुभोजनाचा, म्हणजे उपासनेत सगळ्यांनी तुकडा तुकडा खायचा पाव कायम तिच्या हातचा असे. पण अलीकडे खायचा सोडा एकदा घातलेला तिला आठवत नसे. ती पुन्हा घाली, आणि मग पुन्हा. एकदा तसा कडूजहर पाव मेजावर गेला तेव्हा अर्ध्या लोकांनी तो रुमालात थुंकला, आणि खजिनदारबाईंनी सरळ सांगून टाकलं की पुन्हा असं झालं तर पाव बेकरीतून येईल. नशीब, त्या दिवशी ती तापाने घरी पडून होती. तेव्हापासून रविवारी सकाळी ती वेणी घालायला बसली की कंपाउंडर टोपलीतला पाव बदलायचा. तिचा पाव त्याला टाकवत नसे. ती तो देवासाठी करत होती, टाकायचा कसा? आठवडाभर चहात बुडवून तो एकटाच संपवायचा, आणि पोट बिघडलं की पित्ताच्या नावाने बोटं मोडायचा.

नातवंडांची नावं ती विसरली होती. शनिवारी पीठ चाळायचं मात्र विसरत नव्हती. तेवढं एक काम तिचं म्हणून उरलं होतं. तेही हातचं गेलं तर तिचं काय होईल? आणि आज नेमकी ती वेणी घालून, टोपली घेऊन, त्याच्याआधीच दारात उभी होती.

पाळकसाहेबांनी खूण केली. ती उठली, स्वतः चालत पुढे गेली आणि पाव मेजावर ठेवला. परत यायचं सोडून तिथेच कडेला उभी राहिली, पाहुण्यांना पहिल्यांदाच वाढणाऱ्या मुलीसारखी.

पाळकसाहेबांनी पाव मोडला. जास्तीच्या सोड्याने तो आतून पिवळा निघाला. पहिला तुकडा त्यांनी तोंडात टाकला, आणि पुढचं वाक्य मध्येच अडलं. त्यांनी कंपाउंडरकडे पाहिलं. कंपाउंडरने मान खाली घातली. आता ते पाणी मागणार, कोणीतरी हसणार, आणि तिला कळणार. पाळकसाहेबांनी कसाबसा घास गिळला आणि वाक्य पुरं केलं.

मग मंडळी रांगेने उठली. एकेक जण पुढे जाई, तुकडा घेई, चावू लागे. आणि समोर ती, प्रत्येकाच्या तोंडाकडे टक लावून. कोणाचाही हात रुमालाकडे गेला नाही. शाळामास्तरांचा चेहरा पार कसनुसा झाला, पण तो त्यांनी भक्तिभावात खपवला.

खजिनदारबाईंची पाळी आली तेव्हा कंपाउंडरने बाकाची कड घट्ट धरली. या बाई म्हणजे चहात साखर कमी पडली तर कप परत पाठवणाऱ्या. बाईंनी तुकडा चावला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बरा झालाय ना?" तिने हळूच विचारलं.

बाईंनी आधी घास गिळला. "छान झालाय हो."

देवाच्या मेजासमोर उभं राहून खोटं बोलायची त्यांची ही पहिलीच खेप असावी. द्राक्षरसाचा पेला मात्र त्यांनी जरा जास्तच वेळ तोंडाला लावून धरला.

सगळ्यांत शेवटी कंपाउंडर गेला. त्याला काय, सवयच होती. त्याच्या शेजारी उभं राहून तिनेही तुकडा तोंडात टाकला, आणि चावता चावता थांबली.

दोघं बाकावर परत येऊन बसली. शेवटचं गीत सुरू झालं तेव्हा ती त्याच्या कानाशी वाकली.

"कडू झालाय."

"नाही गं, थोडासा..."

"कडूजहर झालाय. आणि सगळ्यांनी खाल्ला?"

"सगळ्यांनी."

ती एकेका बाकावरून नजर फिरवत राहिली. खजिनदारबाई सगळ्यांत मोठ्या आवाजात गात होत्या. इतक्या माणसांत आता किती जणांची नावं तिला आठवत होती कोण जाणे.

"पुढच्या शनिवारी शेजारणीकडे जाऊ नका," ती म्हणाली.

वर्षभर कंपाउंडर स्वतःला फार हुशार समजत आला होता. त्याने गीतांचं पुस्तक चेहऱ्यासमोर धरलं, कारण त्याला रडू येत होतं.

तिने ते पुस्तक खाली केलं.

"खायचा सोडा तुम्ही मोजा. पीठ मी मळते."