शून्याखालचा दगड

"पानी अजून उतरतंय," काशीबाई म्हणाली आणि सुनेच्या खांद्यावर भार टाकून तिने आणखी एक खडक ओलांडला.

हेमाली खाली बघून पुढची वाट शोधत होती. घिवलीच्या किनाऱ्यावरच्या खडकांत देवाचा एक दगड आहे, वर्षातून एकदाच, सगळ्यात मोठ्या ओहोटीला उघडा पडणारा. घरच्या बाईने तेव्हा जाऊन त्यावर हात फिरवायचा. काशीबाईच्या गुडघ्यांनी यंदा पार हात टेकले होते. पुढच्या वर्षी येणं होणार नाही, म्हणून तिला सुनेला जागा दाखवायची होती. दिवस तेवढा हेमालीने बघायचा होता, आणि तोच तिने चुकवला.

मच्छीमार सोसायटीच्या भिंतीवरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात कालच्या ओहोटीपुढे शून्य होतं आणि आजच्यापुढे उणे शून्य पूर्णांक दोन मीटर. शून्याच्या खाली पाणी जाईलच कसं? छपाईची चूक समजून हेमालीने उण्याची रेघ पेनाने खोडली आणि शून्यच सगळ्यात कमी धरून सासूला कालच आणलं. दगड पाण्याखालीच राहिला. आणि ही शिकवणीत सातवीला उणे संख्या शिकवणारी बाई! फळ्यावर 'क्ष'ची किंमत काहीही असू शकते म्हणायची. "उणे एक कोळंबी दाखवा ना, बाई," असं वर्गातल्या मेहुलने म्हटलं, तेव्हा तिने त्याला खाली बसवलं होतं.

"कालचं पानी हितवर हुतं." काशीबाईने काल खडकाला खुणेसाठी बांधलेला जाळ्याचा तुकडा दाखवला.

त्याच्या खाली आज वीतभर ओला, काळा खडक उघडा होता. पलीकडे हेमालीने जन्मात न पाहिलेली जमीन होती. शेवाळ ठिबकत होतं, खेकडे भांबावल्यासारखे जागीच थांबले होते. तिने खोडलेल्या रेघेत एवढं सगळं होतं.

दगड लहानसाच होता. वर मधोमध एक गुळगुळीत खळगा.

"हात घाल."

हात मनगटापर्यंत आत गेला.

"आई, हा कुणी कोरला?"

"कोरतंय कोन? माजी सासू, तिची सासू, तिच्याबी आदीच्या. वरसाला येकदा हात फिरवायचा. बास."

हेमालीला मान वर करवेना. दर वर्षी एकदा, एक हात. किती बायका झाल्या असतील, याचा तिला हिशेब लागेना.

पाऊलभर पाणी परत आलं. काशीबाईने सुनेच्या खांद्यावरचा हात काढला आणि ती स्वतःच्या पायांवर उभी राहिली.

"फिरव आता."

हेमालीने हात फिरवला. तळव्याला दगडाचे दोन काळे कण लागले.

"हे घरी न्यायचे?"

"नाय. पान्यात सोड." काशीबाईने खळग्याकडे बोट केलं. त्यात पाणी भरत होतं. "तेवढा ह्यो खोल झाला. तुजं हाय ते हितं राह्यलं."