आरशासारखं बॉनेट

माणूस कितीही सामान्य असला तरी आयुष्यात एखाद्या सकाळी त्याच्या हातून सौंदर्य घडतंच. रामेश्वरच्या हातून ते घडायच्या आधी भिंतीवर पांढरे शिंतोडे उडाले, मग तुळशीवर, आणि मग दोरीवर वाळत घातलेल्या सुनिताच्या तीन साड्यांवर. पॉलिशचं मशीन आधी गाडीला टेकवायचं आणि मग चालू करायचं असतं. त्यानं आधी चालू केलं होतं.

"टेकव, मग बटण दाब," शेजारचा म्हाळू भिंतीपलीकडून म्हणाला.

मशीन म्हाळूनंच आणून दिलं होतं, माजलगावातल्या एका ओळखीच्या गॅरेजमधून. भाडं विचारलं तर म्हणाला, शेजाऱ्या-शेजाऱ्यात कसलं भाडं.

दहा वाजता तेलगावचे बंकटअण्णा गाडी बघायला येणार होते. गाडी अकरा वर्षांची, रंगानं किरमिजी. म्हणजे कागदोपत्री किरमिजी. उन्हात उभी राहून राहून ती आता पिकलेल्या चिकूसारखी दिसत होती. पण अडचण गाडीची नव्हती, विकणाऱ्याची होती. मागच्या वर्षी रामेश्वरनं भाकड म्हणून विकलेली म्हैस दोन महिन्यांत गिऱ्हाइकाच्या दारात व्याली. तेव्हापासून सुनिताचे वडील, उत्तरेश्वरदादा, तुमच्याकडं काही विकायचं निघालं तर मला कळवा, असं फोनवर दर वेळी आठवणीनं सांगत.

या वेळी सुनितानं मुदत दिली होती. रविवारी गाडी विकली तर ठीक, नाहीतर सोमवारी दादा येतील आणि विकतील. दादा येणार म्हणजे आठवडाभर राहणार, आणि म्हशीची गोष्ट गल्लीत घरोघर जाऊन पहिल्यापासून सांगणार.

रामेश्वरनं रात्रभर विचार केला होता. बाजारात जनावर न्यायचं तर माणूस आधी ते धुतो, शिंगं तासतो, त्यांना तेल लावतो. गाडी तरी काय वेगळी? तिला शिंगं नाहीत एवढंच.

मशीन मात्र हातात ठरत नव्हतं. एकदा ते बॉनेटवरून थेट काचेवर गेलं, एकदा रामेश्वरलाच आपल्यामागं हेडलाइटपर्यंत घेऊन गेलं. एका जागी थांबू नको, रंग जळतो, असं म्हाळूनं बजावलं. हातभर जागा घे, आधी आडवं फिरव, मग उभं, आणि मधूनमधून पत्र्याला तळहात लावून बघ. रामेश्वरनं तळहात लावला आणि भाजून घेतला. त्यानंतर त्याला अंदाज आला.

आठच्या सुमाराला त्यानं वडिलांच्या जुन्या धोतराच्या फडक्यानं पहिला पट्टा पुसला. बॉनेटमध्ये लिंबाचं झाड दिसत होतं. झाडावरचा कावळा दिसत होता. खाली वाकल्यावर स्वतःच्या मिशा दिसल्या, आणि त्या एका बाजूला जास्त कापल्या गेल्यात हेही दिसलं.

"आता दारं सोडलीस तर बॉनेट एकटंच चमकंल," म्हाळू म्हणाला. "घे, अजून येक हात मार."

रामेश्वरनं दारं घेतली. म्हाळूच्या सांगण्यावरून टप घेतला, डिकी घेतली, पेट्रोलच्या टाकीचं झाकणसुद्धा घेतलं. एवढं कोण सांगतं कुणाला, असं त्याला मनापासून वाटलं. सुनितानं भिंतीवरून म्हाळूला चहा दिला आणि तुमच्या गाडीलाही एक हात मारून घ्या, मशीन आहेच, असं सुचवलं. म्हाळूची गाडी लिंबाखाली उभी होती, अंगावर बोटभर धूळ आणि कावळ्यांची कृपा घेऊन. "आमची हाय तशी बरी हाय, वहिनी," तो म्हणाला.

दहाला बंकटअण्णा आले. चाळीस वर्षं त्यांनी जनावरांच्या बाजारात दलाली केली होती आणि आता उतारवयात त्यांना चारचाकी हवी होती. त्यांनी गाडीला दोन फेऱ्या मारल्या. टपावरून हात फिरवला, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. बॉनेटमध्ये बघून फेटा सारखा केला. रामेश्वरनं सुनिताकडं पाहिलं. सुनितानं, लग्न झाल्यापासून बहुधा दुसऱ्यांदा, कौतुकानं मान हलवली.

"कुठं ठोकली व्हती?" अण्णांनी विचारलं.

"ठोकली? अण्णा, अकरा वर्षांत हिला साधा ओरखडा न्हाई."

"मग येवढी घासली कावून?"

विकायची म्हणून, असं रामेश्वरनं खरं ते सांगितलं. रंग कंपनीचाच आहे, फक्त वर आणलाय, असंही सांगितलं. सर्व्हिसचं पुस्तक आणलं. अण्णा म्हणाले, घासणारा माणूस कागदबी घासतो. मग रामेश्वरनं आईची शपथ घेतली, तेव्हा अण्णांनी चप्पल पायात सरकवली.

"जिच्या शिंगाला लई तेल, तिचे दात आधी बघावे," ते म्हणाले. "आन् हिला तर दातबी न्हाईत."

भिंतीपलीकडून म्हाळूनं हाक मारली. उन्हाचं आलात अण्णा, घोटभर चहा घेऊन जावा. अण्णा पलीकडं गेले. पाहुणा रिकाम्या तोंडी परत गेला नाही, निदान शेजाऱ्यानं तरी गल्लीची लाज राखली, असं रामेश्वरला वाटलं. मशीनची वायर गुंडाळता गुंडाळता त्याला घरातून सुनिताचा आवाज ऐकू आला. ती फोनवर होती.

"दादा, उद्या या."

अर्ध्या तासानं लिंबाखाली गाडी चालू झाली. बंकटअण्णा माजलगावला एसटीनं आले होते; परत गेले ते म्हाळूच्या गाडीनं, स्वतः चालवत. रामेश्वरच्या दाराशी त्यांनी ब्रेक दाबला आणि काच खाली केली.

"राग मानू नको. गाडी अशी असावी. न धुतलेली, न नटवलेली. जशी हाय तशी म्होरं."

मागच्या उन्हाळ्यात ती धरणाच्या कालव्यात पडली होती. क्रेन रामेश्वरनंच बोलावली होती.