गाडीतलं बाळंतपण

इंगेगार्डच्या लेकीचं, टीराचं, लग्न झालं, त्याच वर्षी उत्तर स्वीडनमधल्या त्यांच्या गावचा बाळंतपणाचा वॉर्ड बंद झाला. मोठं इस्पितळ जंगलापलीकडे, गाडीने दोन तासांवर. त्या वॉर्डात काम करण्यात सगळा जन्म गेलेल्या इंगेगार्ड नर्सला नवं काम मिळालं: गरोदर बायकांना गाडीत बाळंत कसं व्हायचं ते शिकवायचं.

पहिल्या वर्गाला वॉर्ड बंद करणारे जिल्ह्याचे साहेब रोलंड केक घेऊन आले. समोर टीराही बसली होती, सातवा महिना लागलेली.

"हीटर जोरात ठेवा. बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवा. नाळ कापू नका," इंगेगार्डने सांगितलं. वॉर्डात बाळंतिणीला पहिल्या कॉफी-पावाच्या ताटात देशाचा छोटा झेंडा लावून द्यायची रीत होती. उरलेले झेंडे तिने वाटून टाकले. "ताट आता तुमचं तुम्हीच मांडा. सरकारचा तेवढाच खर्च वाचेल."

सगळे हसले. रोलंडही हसले.

"आई, आणि बाळ रडलंच नाही तर?" टीराने विचारलं.

"ते रोलंडना विचार. हा रस्ता त्यांनीच दाखवलाय."

"रस्ता उत्तम आहे," म्हणत रोलंडनी केक कापायला घेतला.

टीरा वाटेतच बाळंत झाली. नवऱ्याने हीटर जोरात ठेवला होता. मुलगी छातीवर होती, नाळ कापली नव्हती, झेंडाही समोरच्या काचेपाशी लावलेला होता. एकही चूक झाली नाही. बाळ मात्र रडलंच नाही.

मुलगी सहा फेब्रुवारीला, त्या उत्तम रस्त्यावर वारली.