पानं लागून गेली

कासिमाली आजोबांचा चहा अजून गरम होता, तोवर तीनशे पानं लागूनसुद्धा झाली.

छापखान्यात पुस्तकांची पानं लावणाऱ्या बुरुलनं कळ दाबली आणि हात बाजूला घेतले. आजोबांच्या एक्सेलमधली नावं पडद्यावरच्या तक्त्यात भराभर उतरत गेली. एक पान भरलं की तक्ता आपसूक पुढच्या पानावर, आणि वर पुन्हा तेच मथळे: नाव, बाप, आजा, पणजा, थेट सातव्या पुरुषापर्यंत. याच वंशावळीत तिचे दोन हिवाळे गेले होते. बाराव्या पानावर एक नाव वाढलं की पुढची सगळी पानं सरकायची, आणि ती पुन्हा हातानं बसवताना मान मोडून यायची.

ती शाबासकीची वाट बघत होती. आजोबांनी आधी दाराकडे पाहिलं.

"हे कुणाला सांगितलं नाहीस ना?"

सांगितलं होतं. छापखान्याच्या दारात टॅक्सी लावून बसलेल्या तुरातला तिनं सकाळीच कौतुकानं दाखवलं होतं. तुरात हा आजोबांचा सख्खा पुतण्या. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. निम्म्या बिश्केकच्या बातम्या त्याच्याच गाडीतून फिरत.

आजोबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "झालं," ते म्हणाले.

बुरुल नारिनकडची, दुसऱ्या कुळातली. तिला काय झालं ते कळेना. मग तेच सांगू लागले. वंशावळ हाती घेतल्यापासून त्यांच्याकडे कुळातली माणसं यायची. कुणाला मेंढपाळ पणजोबा लांडग्यांचा शिकारी करून हवा असे. कुणाला चुलत्याचं नाव गाळून हवं असे. आजोबा कुणाशी भांडत नसत. ते नुसते हळहळत, "पानं लागून गेली रे. आता एक नाव हललं की तीनशे पानं हलतात," असं म्हणत आणि पाहुण्याचा चहाचा पेला काठोकाठ भरत. अर्धा पेला म्हणजे बसा, काठोकाठ म्हणजे उठा, हे तिथे शेंबड्या पोरालाही कळतं. पाहुणा उठे.

सगळ्यांत जुनं भांडण कुळाच्या पूर्वजांतल्या जुळ्या भावांवरून होतं. आधी जन्मला त्याचं नाव असान, मागून आला तो उसोन, ही रीत. थोरल्याची शाखा आधी छापायची, हीसुद्धा रीतच. तुरातचं म्हणणं, पहिल्या आंघोळीत दाईनं पोरांची अदलाबदल केली, म्हणजे खरा थोरला आपला उसोन. आजोबाही उसोनच्याच शाखेतले. तरी त्यांनी चारचौघांत पुतण्याला झापलं होतं की दाईच्या गप्पा म्हणजे इतिहास नव्हे. म्हणून तर सगळ्या कुळानं हे काम त्यांच्यावर डोळे झाकून सोपवलं होतं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, छापखान्याच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही.

कणकेच्या तळलेल्या बोरसोकांच्या पिशव्या आल्या, सुकवलेल्या दह्याचं कुरुत आलं, मेंढ्याची एक अख्खी तंगडी आली. शिकारीवाला आला, चुलत्यावाला आला. आनारकान मावशीची सून गरोदर होती, तेव्हा होणाऱ्या नातवासाठी एक ओळ धरून ठेव, असा तिचा आग्रह. तुरातनं उसोनचा विषय काढला मात्र, असानकडच्यांनी बाह्या वर सारल्या. एका कळीचं तर काम, दाब ना पोरी, असं जो तो बुरुलला म्हणत होता.

सगळ्या कुळाचा मेळावा रविवारी होता. कापायचा घोडा आणून बांधला होता. पुस्तक रविवारी हातात पडायचं तर शुक्रवारी सकाळी छपाई सुरू व्हायलाच हवी होती. आजोबांनी ऐंशी ओलांडलेली. एवढं कुळ त्यांच्या हयातीत पुन्हा एकत्र येईल याची खात्री नव्हती. ते भिंतीला टेकून बसले होते. बुरुलला फार वाईट वाटलं. नको तिथे हुशारी केली होती तिनं.

ती आत गेली. बाहेर आली ती कपाळाला हात लावूनच. एक्सेलची जोडणी तुटली होती म्हणे, आता नाव हलवायचं तर सगळं पूर्वीसारखं हातानं, म्हणजे पुस्तक पुढच्या वसंतात. तिनं कानामागची पेन्सिल काढली.

"बोला, कुणासाठी थांबवू? रविवारी घोड्याच्या मटणावर बसलेल्या सगळ्यांना त्याचंच नाव सांगते."

कुणी घसा खाकरला. कुणाला गाडी चुकीच्या जागी लावल्याची आठवण झाली. नातवाचं काय, तो दुसऱ्या आवृत्तीत येईल, असं आनारकान मावशी स्वतःच म्हणाली. बघता बघता अंगण रिकामं झालं. लाज वाटत असल्यानं मेंढ्याची तंगडी कुणी परत नेली नाही.

आजोबा आत आले. "खरंच बिघडलं का गं?"

नाही म्हणून तिनं मान हलवली. आजोबांचे डोळे भरून आले. त्यांनी दोन्ही तळवे वर करून तिला तोंडभरून आशीर्वाद दिला आणि हात चेहऱ्यावरून फिरवले. मग ते उठले. दाराबाहेर दोन्ही बाजूंना नीट पाहिलं, दार लावून घेतलं आणि खुर्ची ओढून तिच्या अगदी जवळ बसले.

"मग तेवढं आमच्या उसोनला वर घे की. ती आंघोळीची गोष्ट खरी आहे."

बुरुलनं त्यांच्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे पाहिलं. मग थेट त्यांच्यासारखीच हळहळली.

"पानं लागून गेली हो, आजोबा," ती म्हणाली आणि त्यांचा पेला काठोकाठ भरला.